शेवटच्या रांगेतून दिसणारी भेग

आक्काच्या दारासमोर पालिकेने सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला, त्या दिवशी गल्लीने टाळ्या वाजवल्या होत्या. तिथेच चुकलं.

पट्टा वळणावरच्या विजेच्या डीपीपासून निघायचा आणि सरळ जाऊन पुढच्या डीपीवर आदळायचा. त्यावरून सायकल गेलेली कुणी पाहिली नाही. भाजीच्या गाड्या लावायला मात्र छान सपाट जागा झाली. मग चौकात कारंजं आलं. उद्घाटनाला टँकर मागवून त्यातून पाणी उडवलं, टँकर गेला तसं पाणीही गेलं. मग घड्याळाचा मनोरा उभा राहिला. त्याला चार तोंडं आणि चारींवर चार वेगवेगळ्या वेळा, म्हणजे कामावर उशिरा पोचलेल्या माणसाने सोयीचं तोंड बघून घ्यावं. आणि शेवटी कारंज्याच्या पलीकडे पालिकेची स्वतःचीच नवी इमारत झाली. पुढून सगळी काच, मधे एकच उंच पांढरीशुभ्र भिंत आणि तिच्यावर चकचकीत स्टीलची अक्षरं. आत शिरलं की थंडी वाजायची.

पूर्वी इथे मोकळं रान होतं, पाचपन्नास घरं होती आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. आता चारी बाजूंनी टॉवर उठले होते आणि मधे आक्काचं बैठं घर, उंच माणसांच्या गर्दीत हरवलेल्या लहान पोरासारखं, मान वर करून उभं होतं.

आणि मग घरपट्टीचं बिल आलं. तिप्पट.

"अरे, मी कारंजं मागितलं होतं का?" आक्का बिल नाचवत ओरडली. "सायकल तरी चालवते का मी? गुडघे बघ माझे!"

समोर स्टुलावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. वय पन्नाशीपार, पोट सुटलेलं, डोळे मात्र वर्गात खडू फेकून मागे वळून बसणाऱ्या पोराचे. धंद्याने रंगारी. पण तरुणपणी नाटक कंपनीत पडदे रंगवायचा, जंगल, राजवाडा, नदीकाठ, मागाल ते, म्हणून सगळं गाव त्याला 'सीनरी' म्हणायचं. त्याची बायकोसुद्धा भांडताना 'अहो सीनरी' म्हणायची, त्यावरून भांडण किती वर गेलंय ते कळायचं.

"आपण जाऊन विचारू ना," सीनरी म्हणाला. "काहीतरी चूक झाली असेल."

"चूक झाली की कमी कधी होत नाही बघ. चूक कायम वरच चढते."

आक्का शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, शेजारी त्याच भिंतीला लागून खाट. नवरा गेल्यापासून ती त्या मशीनवर जगली होती, मुलीचं लग्न त्याच मशीनने केलं. गिऱ्हाइकं पायी येणारी, तिच्या ओळखीची. शेजारच्या टॉवरचा बिल्डर दर दोन महिन्यांनी आपला माणूस पाठवायचा. माणूस गोड बोलायचा आणि जाताना घराकडे ताटात वाढल्यासारखं बघायचा. आक्का त्याला पाणी द्यायची आणि वाटेला लावायची. "मशीन इथून हललं की मी हलले," असं तिचं म्हणणं. पण ही पट्टी दरवर्षी भरायची, तर मशीन चोवीस तास चालवूनही भागणार नव्हतं. ते तिलाही कळत होतं, म्हणून तर आवाज चढला होता.

पालिकेच्या खिडकीवरचा कारकून हसतमुख होता. असल्या बातम्या देणारी माणसं हसतमुख असली की जास्तच राग येतो.

"अभिनंदन, तुमचा भाग 'प्रगत' वर्गात गेलाय," तो म्हणाला. "कारंजं आहे, सायकलमार्ग आहे, मनोरा आहे. सुविधांप्रमाणे पट्टी."

"कारंज्यात पाणी नाही हो," सीनरी म्हणाला.

"पाण्याची नोंद नसते. कारंज्याची असते." कारकुनाने स्क्रीनवर आक्काच्या घराचा फोटो उघडला. "आणि घराची अवस्था 'उत्तम'. बघा ना, कसं चकाकतंय!"

सीनरीने वाकून बघितलं. गेल्या वर्षी आक्काला साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यानेच ते घर रंगवलं होतं. फुकट. बाहेरून लोण्यासारखा पिवळा, खिडक्यांना निळी किनार. अख्ख्या गल्लीत उठून दिसायचं. फोटोतही दिसत होतं.

आक्काने भावाकडे नुसतं बघितलं. 

"अवस्था 'जुनाट' असती तर मोठी सूट होती," कारकून म्हणाला. "फेरतपासणी मागा. आमचा माणूस येऊन नवा फोटो काढेल. फोटोवरून ठरतं सगळं."

"आत येऊन बघत नाही का कुणी?"

"एवढ्या घरांत शिरायचं म्हटलं तर माणसं किती लागतील? तो खर्च परत तुमच्याच डोक्यावर बसेल की."

बाहेर पडून सीनरी कारंज्यापाशी आला. मग कोरड्या हौदाच्या कठड्यावर टेकला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"रडतोयस का रे?" आक्काने विचारलं.

रडत नव्हता. हसत होता. "आक्का, फोटोवरून ठरतं म्हणे!"

"मग?"

"मग काय मग? मी आयुष्यभर दुसरं केलं काय? कापडावर नदी काढायचो, तर लोक पाय भिजतील म्हणून खुर्चीवर पाय घ्यायचे."

"थापा मारू नकोस."

"एकाने घेतले होते, तुझी शपथ. तू फक्त अर्ज कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी, स्पंज आणि तपकिरी, काळ्या, हिरवट रंगांचे डबे घेऊन आला. आधी स्पंजने ओल काढली. छपरापासून खाली ओघळत आलेली, कडेला फिकट होत गेलेली. मग खिडकीखाली पोपडे सुटल्याचा भास उठवला. रंग उडाल्यासारखी जागा, तिच्या वरच्या कडेला बारीक सावली. चौकातला सलूनवाला, त्याचा बालमित्र, गिऱ्हाईक खुर्चीत तसंच टाकून बघायला आला.

"झकास! एवढ्यावर अर्धी पट्टी माफ. ये खाली," तो म्हणाला.

खरोखर एवढं पुरलं असतं. शहाण्या माणसाने इथे ब्रश धुतले असते. पण सीनरी पडद्याचा माणूस. जंगल रंगवायचं तर पहिल्या रांगेतल्या शेटजींसाठी नाही रंगवायचं, शेवटच्या रांगेत शेंगा खाणाऱ्यालाही झाडी दाट वाटली पाहिजे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो रस्त्याच्या पलीकडे गेला, एक डोळा मिटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"मागून दिसत नाही रे."

"मागे कोण बसलंय?"

"तिकीट काढून आलेला माणूस आहे तो," सीनरी म्हणाला आणि परत शिडीवर चढला.

आणि मग त्याने भेग काढली. छपराच्या कोपऱ्यातून निघाली, खिडकीच्या डोक्यावर वळली, दोन फाटे फुटले, त्यातला एक थेट जोत्यापर्यंत गेला. एका काठाला काळी सावली, दुसऱ्या काठाला उजेडाची रेघ. हात घालावा तर कोपरापर्यंत आत जाईल असं वाटावं. मधे तिच्यातून एक रोपटं उगवलं. दोन पानं ताजी, एक वाळलेलं. वाळलेल्या पानावर त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला.

आक्का बाहेर आली, बघितलं, आणि तिचा हात आपोआप छातीवर गेला. "अगंबाई. माझं घर पडलं!"

"पडलं नाही, रंगलं," सीनरी खूश होऊन म्हणाला.

फोटोवाला स्कूटरवरून आला. स्कूटर बंद केली नाही, एक पाय जमिनीला टेकवला, मोबाइल वर धरला आणि म्हणाला, "बापरे." तीन फोटो काढले, आक्काकडे दयेने बघितलं, निघून गेला.

महिनाभरात नवं बिल आलं. घराची अवस्था 'जुनाट'. पट्टी पूर्वीपेक्षाही कमी. सलूनवाल्याने सीनरीची दाढी फुकट केली. गल्लीतले आणखी चौघे येऊन हळूच विचारून गेले, "आमच्याकडे एखादी बारीकशी भेग काढशील का?" सीनरी मान वाकडी करून, भाव खात, बघू म्हणायचा. आक्काने मशीनला तेल घातलं आणि बरेच दिवसांनी मशीनच्या तालावर गुणगुणली.

आणि मग एका दुपारी पालिकेचा शिपाई आला आणि त्याने दारावर लाल अक्षरांचा कागद चिकटवला. इमारत धोकादायक आहे. पंधरा दिवसांत रिकामी करा. नाही केली तर पालिका पाडेल आणि पाडण्याचा खर्च घरमालकाकडून घेईल.

झालं होतं असं, की पट्टीवाल्यांनी फोटो बघून सूट दिली आणि तेच फोटो पुढच्या खोलीत बांधकामवाल्यांकडे सरकवले. पालिकेच्या दोन खात्यांनी आजवर एकमेकांना साधा निरोप दिलेला नव्हता. कोणी कुणाचं ऐकायचं नाही, पाइप टाकून रस्ता केला की लगेच पाइपसाठी रस्ता खणायचा. आणि नेमकं याच वेळी त्यांना सहकार्य सुचलं.

बांधकाम खात्याची इंजिनियर बाई चाळिशीची, केस घट्ट बांधलेली, टेबलावर फाइलींची चळत आणि चळतीवर अर्धा खाल्लेला डबा.

"मॅडम, ती भेग नाहीये," सीनरी म्हणाला. "रंग आहे. मीच काढलाय."

बाईंनी घास गिळला. "काय काढलंय?"

"भेग. ब्रशने. मी पूर्वी नाटकाचे पडदे..."

"परवा एक जण आला होता. म्हणाला, ती भेग नाही, वेलीची सावली आहे. त्याच्या आधीचा म्हणाला, कॅमेऱ्याच्या काचेला तडा गेलाय. आणि त्याच्या आधीच्याने नोटीस फाडून टाकली, त्याचं छप्पर खाली आलं. आत माणसं होती. मी स्वतः ढिगाऱ्यावर उभी होते." त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "तुमच्या शब्दावर मी नोटीस मागे घ्यायची आणि उद्या तुमची बहीण..."

"मग येऊन हात लावा ना भिंतीला! एक बोट लावा फक्त!"

"दोनशे घरं आहेत यादीत. जीप एक. तिचा ड्रायव्हर साहेबांच्या गाडीवर पाठवलाय. पालिकेच्या मान्य सल्लागाराकडून दाखला आणा, लगेच रद्द करते."

सल्लागाराची फी ऐकून सीनरीने दोन वेळा विचारलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं बाई फोन नंबर सांगतायत.

"आणि एक सांगते," बाई म्हणाल्या. "आता त्याच्यावर चुना फासून नवा फोटो आणू नका. भेग लपवली म्हणून गुन्हा दाखल होतो."

म्हणजे भेग ठेवली तर घर पडणार, पुसली तर भाऊ आत जाणार. आणि जी मुळात नाहीच तिच्यापायी! सीनरी जिना उतरला तेव्हा खालच्या गुळगुळीत फरशीवर त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्याने तिथेच त्याला एक शिवी दिली.

घरी आला तर आक्का खाट ओढत होती. एकटीच, धापा टाकत.

"काय करतेस?"

"काही नाही. इकडे वारा बरा लागतो."

तिने खाट त्या भिंतीपासून ओढून पार स्वयंपाकघराच्या दारात आणली होती. तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता.

"आक्का, तो रंग आहे. तुझ्यासमोर काढलाय मी."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय? डोळा लागत नाही. कागदावर शिक्का मारून लिहिलंय पडणार म्हणून. पंखा फिरला तरी वाटतं, भिंतच आवाज करतेय." तिने पदराने तोंड पुसलं. "गिऱ्हाइकं पण बाहेरूनच माप देतात आता. ती टॉवरमधली, तिने तर पोरीला आत येऊच दिलं नाही. म्हणाली, आक्का, तुम्हीच या ना फाटकापाशी. फाटकापाशी उभी राहून ब्लाउजचं माप घेऊ का मी?" मग म्हणाली, "बिल्डरचा माणूस आला होता. ह्या वेळी पाणी नको म्हणाला. भावही कमी सांगितला. पडणारं घर आहे म्हणे."

सीनरीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाची लाज वाटली. तो बाहेर भिंतीपाशी गेला, ते वाळलेलं पान नखाने खरवडलं. निघालं नाही. रंग चांगल्यातला वापरला होता.

"मी उद्या हो म्हणून सांगते त्याला," आक्का दारातून म्हणाली.

"उद्या नको."

"का? उद्या काय होणारे?"

"उद्या मला काम आहे."

ऐन कामाच्या वेळेला, अकराच्या सुमाराला, सीनरी पालिकेच्या नव्या इमारतीसमोर आला. अंगात नारिंगी जॅकेट, डोक्यावर पिवळी टोपी, खांद्यावर शिडी. जॅकेट घातलेल्या आणि शिडी घेतलेल्या माणसाला जगात कुठेही कुणी काही विचारत नाही, हे त्याला पडद्यांच्या काळापासून ठाऊक होतं. नुसती शिडी घेऊन त्याने किती सर्कशी फुकट बघितल्या होत्या.

वॉचमनने मात्र विचारलं. "कसलं काम?"

"भिंतीचं."

"कुणी सांगितलं?"

"वरून," सीनरी बोट वर करून म्हणाला आणि वैतागल्यासारखा सुस्कारा टाकला. "काल झालेलं काम, आज परत करा म्हणतात. पैसे तुमच्या-आमच्या खिशातले!"

हे वॉचमनला एकदम पटलं. पुढचा तासभर तो शिडी धरून उभा राहिला आणि पगार कसा अडकलाय ते सांगत होता. मधे एकदा चहा आणला. वर सीनरी काय करतोय ते त्याला दिसत नव्हतं, कारण मान वर केली की डोळ्यांत ऊन जायचं.

पांढरी भिंत, उंच, गुळगुळीत. असा पडदा सीनरीला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. स्टीलच्या अक्षरांच्या बरोबर खालून त्याने सुरुवात केली. पहिला हात मारला आणि इतक्या दिवसांचा राग मनगटात उतरला. कारंज्याचा राग, डीपीवर आदळणाऱ्या पट्ट्याचा राग, अभिनंदन म्हणणाऱ्या कारकुनाचा राग. भेग तिरकी उतरली, तडतडत फाटे फोडत मुख्य दाराच्या चौकटीपर्यंत आली. सावली, उजेडाची रेघ, तळाशी सिमेंटचा भुगा सांडल्यासारखा करडा हात. रोपटं काढायचा मोह झाला, पण नव्या इमारतीत रोपटं कुठून येणार? तेवढं त्याने आवरलं.

शिडी घेऊन तो कारंज्यापर्यंत मागे गेला आणि एक डोळा मिटला. दिसत होती. मनोऱ्याच्या मागच्या बाजूलाही दिसली असती.

मग तो सलूनमध्ये शिरला. टोपी, जॅकेट पिशवीत टाकलं आणि खुर्चीत बसला. "दाढी कर. सावकाश."

सलूनवाल्याने काचेतून समोर बघितलं आणि त्याचा ब्रश गालावरच थांबला. "अरे देवा! तू नाही ना?"

"फेस लाव. आणि खुर्ची जरा तिकडे वळव."

पहिल्यांदा एका भाजीवालीने बोट दाखवलं. मग दोघं उभे राहिले, मग दहा. कुणीतरी म्हणालं, सकाळी मीच आवाज ऐकला. दुसरा म्हणाला, मला तर हलल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आतून एक कारकून बाहेर आला, लोक कुठे बघतायत म्हणून मागे वळला आणि पळत सुटला. तो अभिनंदनवाला होता. मग दारातून माणसांचा लोंढाच बाहेर पडला. काही जण डबे घेऊन, एक जण प्रिंटर कवटाळून. आणि सगळ्यांत शेवटी पालिकेचे मोठे साहेब, डोक्यावर फाइल धरून, जणू पाचव्या मजल्यावरून पडणारी भिंत फाइलीवर झेलता येणार होती.

"हटवा! लोकांना मागे हटवा!" साहेब ओरडत होते आणि सगळ्यांत मागे स्वतःच हटत होते. "बांधकामवाले कुठे आहेत?"

इंजिनियर बाई गर्दीतून पुढे आल्या. लोक नको नको म्हणत असताना त्या सरळ भिंतीपाशी गेल्या. मान वर करून थोडा वेळ बघितलं. मग एक बोट लावलं, आणि बोट काळं झालं. त्यांनी बोटाचा वास घेतला.

आणि सावकाश मागे वळल्या. गर्दीत पुढेच, गळ्याला सलूनचं कापड, अर्ध्या गालाला फेस, असा एक माणूस उभा होता.

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मॅडम," सीनरी हात जोडून म्हणाला, "ह्या भिंतीला जीप लागली नाही ना?"

बाईंचा चेहरा लाल झाला. रागाने की हसू दाबल्याने, सांगता आलं नसतं. साहेब मागून ओरडत होते, "काय आहे? किती खोल आहे?" 

"कुठंय तुमचं घर?" त्यांनी सीनरीला विचारलं.

"ह्या सायकलच्या रस्त्याने सरळ. पायी पाच मिनिटं. मधे भाज्या आहेत, जपून."

सायकलमार्गावरून पहिल्यांदाच एखादी मिरवणूक गेली. पुढे बाई, मागे फेसाळलेला सीनरी, त्यामागे वस्तरा हातात घेऊन सलूनवाला आणि त्यामागे बघे. आक्का दारात आली. हातात कात्री होती. एवढी माणसं बघून तिला वाटलं, पाडायलाच आले. ती दारात आडवी उभी राहिली.

"पंधरा दिवस झाले नाहीत अजून!" ती ओरडली.

"आक्का, सरका जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी भेगेवर बोट फिरवलं. किल्लीने खरवडलं. भिंतीवर ठिकठिकाणी ठोकून कान लावला, आत जाऊन ठोकलं, जोतं बघितलं, छपराच्या कडेला हात घालून बघितला.  मग हात झटकत त्या म्हणाल्या, "भिंत पक्की आहे. आमच्या इमारतीपेक्षा पक्की आहे." आणि दारावरचा लाल कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

आक्का जोत्यावर मटकन बसली. कात्री अजून हातातच होती.

"पण घर मग 'उत्तम'मध्ये जाणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला तसंच लिहावं लागेल. पट्टी पूर्ण बसेल. आणि खोटी अवस्था दाखवली म्हणून दंड. तो माझ्या हातात नाही."

"कारंज्यात पाणी नाही, हे लिहाल का?" आक्काने विचारलं.

बाईंनी काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं. जाताना ते रोपटं पुन्हा एकदा बघून गेल्या. "हे वाळलेलं पान," त्या म्हणाल्या, "ह्याच्यामुळेच मी फसले."

एवढ्या त्रासातही सीनरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पालिकेच्या भिंतीबद्दल मात्र त्याच्यावर काहीच झालं नाही. कारण संध्याकाळी साहेबांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, की ही आपत्कालीन सराव-चाचणी होती, आधीपासून ठरलेली, आणि कर्मचाऱ्यांनी अतिशय शिस्तीत इमारत रिकामी केली. चाचणीच्या यशाबद्दल सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. वॉचमनलाही एक मिळालं. पगार नाही मिळाला.

मग भिंत पूर्ववत करायचं टेंडर निघालं. ठेकेदार तोच, ज्याने कारंजं केलं होतं. त्याने पालिकेला सांगितलेल्या आकड्यात आक्काचं घर दोनदा बांधून झालं असतं. आणि प्रत्यक्ष काम करायला त्याला उंचावरचा, स्वस्तातला रंगारी हवा होता.

"करशील का?" ठेकेदाराने सीनरीला विचारलं. "कुणा येड्याने भेग काढलीये. तुला जमेल पुसायला?"

"बघतो," सीनरी म्हणाला. "अवघड दिसतंय. कसबी माणसाचं काम आहे."

त्याने आपलीच भेग दोन दिवस पुसली. ह्या वेळीही शिडी वॉचमननेच धरली, फक्त चहा आणला नाही. ठेकेदाराने आपलं बिल उचलून मजुरी पालिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपाशीच त्याच्या हातात ठेवली. ती घेऊन सीनरी जिन्याने खाली आला, पट्टीच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिला आणि आक्काचा दंड भरला. एक छदाम बाहेर आला नाही. त्याच दाराने आत गेला तसा तो रिकाम्या खिशाने बाहेर पडला. पट्टी हप्त्यांनी भरायची कारकुनाने सोय करून दिली, आणि पुन्हा अभिनंदन म्हणाला.

घरी आला तर आक्काने बिल्डरच्या माणसाला पाणी देऊन वाटेला लावलं होतं. हप्ते कसे भरणार ते तिला ठाऊक नव्हतं. टॉवरमधल्या बायकांचे पडदे शिवायला घ्यायचे म्हणत होती, नजर धड नसताना.

"हे वर्ष निघेल," ती म्हणाली. "पुढच्याचं पुढे. धर इकडून."

दोघांनी मिळून खाट उचलली आणि परत त्या भिंतीला लावली. आक्काने आडवं होऊन बघितलं, भिंतीवर तळहात ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि उठली.

"बाहेरचं ते पुसून टाक आता. रोपटं राहू दे. बरं दिसतं."

सीनरी टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या घेऊन बाहेर आला. बाहेर एक ट्रक उभा होता. पालिकेची माणसं सायकलमार्गाच्या कडेने दिव्यांचे खांब उतरवत होती. नक्षीदार, वर कमळासारखा गोळा. एक खांब बरोबर आक्काच्या खिडकीसमोर रोवायला घेतला होता. दिवा पेटला तर उजेड थेट खाटेवर पडणार होता.

आक्का दारात आली. खांबाकडे बघितलं, खांबाच्या टोकाच्या गोळ्याकडे बघितलं.

"हे कुणी मागितलं आता?" तिने विचारलं. "ह्याची पट्टी किती बसेल रे?"

 सीनरी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता आणि एक डोळा मिटून त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्याकडे बघत होता.

"ए, मी काय विचारतेय?"

"आक्का," तो म्हणाला, "थोडा काळा उरलाय माझ्याकडे."